उत्सवी रंगभूमीवरील ऐतिहासिक वेष

गोमंतकातील देवळांच्या उत्सवांत नाटक हे निव्वळ करमणुकीचे साधन कधीच नव्हते. पालखी देवळात परतली, आरती झाली, की मंडपात पडदा वर जावयाचा, हा क्रम आमच्या गावांनी धर्मकृत्याच्या निष्ठेने सांभाळला. या नाटकांतील अभिनयाविषयी आणि गायनाविषयी पुष्कळ लिहिले जाते. वेषाविषयी मात्र ‘वेषभूषा साजेशी होती’ या एका वाक्यावर परीक्षक मोकळे होतात. ते मौन सोडण्याचा येथे विचार आहे. भाड्याच्या ड्रेपरीला कंटाळून ऐतिहासिक नाटकाचे वेष घरी, हातांनी शिवण्याचा संकल्प जेथे जेथे होतो, तेथे त्या संकल्पाचे कौतुक करणे सोपे असते. त्याची परीक्षा करणे हे अधिक उपयोगाचे, असे आम्हांस वाटते.

ऐतिहासिक वेष म्हणजे काय? न्यायालयाच्या भाषेत बोलावयाचे तर तो एक पुरावा आहे. नट तोंडाने काही सांगण्यापूर्वीच त्याचा वेष काळ, प्रांत आणि दर्जा यांविषयी साक्ष देऊन जातो. ही साक्ष खोटी निघाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या इतिहासातच आहे. एका मुसलमान सरदाराचे चित्र शिवछत्रपतींचे म्हणून कित्येक वर्षे भक्तिभावाने पाहिले जात होते. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र प्रसिद्धीस आणले, तेव्हा तो भ्रम दूर झाला. मोगल अमदानीत जाम्याचे बंद हिंदूंनी डाव्या कुशीस आणि मुसलमानांनी उजव्या कुशीस बांधावयाचे, असा रिवाज होता. बंदांची बाजू चुकली तर रंगमंचावरचा माणूसच बदलतो. आणि हे बंद योग्य कुशीस शिवण्यास एक पैसाही अधिक लागत नाही.

आता आमच्या मंडपांकडे पाहू. वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) शिवछत्रपतींच्या अखेरच्या काळातले. महाराजांचे निधन १६८० सालचे. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ (१९०९) नारायणरावांच्या १७७३ मधील वधाभोवती फिरते. मध्ये नव्वदांहून अधिक वर्षे लोटली. तेवढ्यात पागोट्याची ठेवण बदलली, जाम्याची लांबी व घेर बदलला, दरबाराची रुचीही बदलली. तथापि दोन्ही नाटकांस मखमलीचा तोच अंगरखा आणि जरीच्या फितीचा तोच शेला पुरतो. जेम्स वेल्स या चित्रकाराने १७९० नंतरच्या दशकात पुण्यास येऊन नाना फडणीस आणि सवाई माधवराव यांची चित्रे रंगविली. ज्यांनी ती पाहिली आहेत त्यांस नानांच्या शुभ्र, साध्या वस्त्राचा विसर पडणार नाही. आमच्या रंगमंचावरील नाना मात्र चमकीने मढलेले असतात. अधिकार दाखविण्यास चमकच हवी, ही समजूत इतिहासाला धरून नाही, नाट्यालाही धरून नाही. ‘एकच प्याला’ १९१९ साली बडोद्यास प्रथम रंगभूमीवर आले. ज्या गंधर्व नाटक मंडळीच्या शालूंची आणि गालिच्यांची ख्याती होती, तिचेच बालगंधर्व त्या नाटकात ठिगळांच्या लुगड्यातील सिंधू होऊन उभे राहिले. आणि प्रेक्षकांनी ते लुगडे शालूंइतकेच लक्षात ठेवले.

तेव्हा हातांनी वेष शिवण्याचा संकल्प योग्यच. परंतु तो पार पाडण्याची आमची रीत सदोष आहे. उत्सव दीड महिन्यावर आला की आठ-दहा वेषांची यादी निघते. ज्यांच्या हाती ती पडते, त्याच भगिनींच्या हाती देवाची उत्सवाची वस्त्रे, पालखीचे आच्छादन आणि घरातील लग्नाचे भरतकामही असते. सकाळी एक काम, दुपारी दुसरे, रात्री तिसरे! परिणामी प्रयोगाच्या संध्याकाळी महाराजांच्या जाम्याची कूस टाचण्यांनी जोडलेली असते आणि देवाच्या वस्त्राचा काठ अर्धाच भरलेला असतो. यात दोष हातांचा नाही. सर्व कामे एकाच जातीची आहेत असे मानणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

वस्तुतः सुईची कामे दोन प्रकारची असतात: थांबणारी आणि न थांबणारी. बेळगाव-धारवाडकडील कशिदा हे थांबणारे काम. कापडावर आराखडा न काढता, ताण्याबाण्याचे धागे मोजून, गोपुर, रथ, पालखी, तुळशीवृंदावन यांच्या आकृती त्यात उमटवितात. धाग्याला गाठ मारावयाची नाही, असा त्याचा कडक नियम. गवंतीच्या टाक्यात सुई एकाआड एक घर सोडीत पुढे जाते आणि परतीच्या फेरीत रिकामी घरे भरीत येते. म्हणून कापडाची उलट बाजूही सुलट बाजूसारखीच दिसते. परतीची फेरी पुरी झाली की हे काम महिनाभर बाजूला ठेवले तरी बिघडत नाही. जाम्याचे तसे नाही. त्याच्या घेराच्या कळ्या एकदा बेतल्या की त्यांच्या तिरक्या कडा ओढ घेऊ लागतात. पंधरा दिवस त्या नुसत्या पडून राहिल्या तर घेर एका बाजूस लोंबतो, आणि मग तो कोणत्याही इस्त्रीने सरळ होत नाही. तेव्हा जामा बेतावा तो लागोपाठ बसून पुरा करण्याच्या तयारीने. अनेक कामे एकत्र चालविण्याचे कौशल्य हात भरभर चालविण्यात नाही. कोणते काम कोठे थांबवावे, हे ओळखण्यात आहे.

दुसरा विवेक अंतराचा. पंधराव्या रांगेतील प्रेक्षकास टाका दिसत नाही; घेर, झोळ, रंग आणि कापडाचे वजन दिसते. जाम्याच्या आतील लांब शिवणी यंत्रावर मारल्या तर इतिहासाचा अपराध होत नाही. कमरेच्या चुण्या आणि बंद मात्र हातानेच बसवावेत. उलट, बारीक कशिदा मंचावर वाया जातो. त्याची जागा देवाच्या वस्त्रावर आणि नववधूच्या चंद्रकळेवर, जेथे डोळा जवळ येतो. तिसरी गोष्ट अशी की, कित्येक वेषांस सुईच लागत नाही. नऊवारी लुगडे ही न शिवलेल्या वस्त्राची कला. तिला इलॅस्टिक लावून शिवलेली तयार नऊवारी आणली, की निऱ्यांचा ओघ जातो, आणि जिजाबाईंची चालही जाते. नटीस नेसावयास शिकविले तर शिवणाच्या यादीतील निम्मे काम आपोआप उतरेल.

यावर आक्षेप येईल की नाटक यंदाचे आहे आणि पात्रे दहा आहेत. एक वेष शिवून भागणार कसे? आमचे उत्तर असे: यंदा एकच शिवावा, बाकीचे नऊ निःसंकोच भाड्याने आणावेत. दरवर्षी एक याप्रमाणे दहा वर्षांत देवस्थानाच्या पेटीत दहा अस्सल वेष जमतील. पेटी म्हटली की ती सांभाळणारा हवा, आणि येथे मोठमोठ्यांसही चिंता पडते. कोल्हापूरच्या भानू अथैया यांस ‘गांधी’ चित्रपटाच्या वेषभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळाले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आपल्या पश्चात ती मूर्ती येथे सुरक्षित राहील असा भरवसा न वाटल्याने २०१२ साली त्यांनी ती अकादमीकडे परत सोपविली. २०२० साली त्या निवर्तल्या. सोन्याने मढविलेल्या मूर्तीची जेथे ही कथा, तेथे कसर लागणाऱ्या कापडाची काय कथा! देवाची आभरणे नोंदवहीत चढतात, वेषही चढावेत. कोणत्या वर्षी, कोणत्या नाटकासाठी, कोणी शिवला, हे तीत असावे.

‘कोणी शिवला’ हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. पडदा वर जाण्यापूर्वी नटांची, दिग्दर्शकांची, देणगीदारांची नावे पुकारली जातात. ज्यांनी रात्री जागून घेर घातला त्यांचे नाव त्या यादीत नसते, आणि म्हणूनच पुढच्या वर्षी दीड महिन्यात दहा वेष मागताना कोणाची जीभ अडखळत नाही. ज्या कामाला नाव नाही त्याला वेळही कोणी देत नाही. देवाला अर्धे भरलेले वस्त्र अर्पण करावयास आपले मन धजत नाही. त्याच्याच मंडपात उभ्या राहणाऱ्या महाराजांच्या अंगावर टाचण्यांचा जामा चालतो, हे आपण किती दिवस चालवून घेणार आहोत, याचा निर्णय पुढील उत्सवाच्या पहिल्या बैठकीतच व्हावा.