नित्यपठणाचें फळ : पंडिता रमाबाईंचें आत्मनिवेदन व त्यांचें बायबल

धर्म स्वीकारणें ही एका दिवसाची गोष्ट असूं शकते. तो अंगीं मुरण्यास मात्र वर्षें लागतात. हा भेद पंडिता रमाबाईंच्या लेखनांत जितका उघडपणें दिसतो, तितका तो मराठी माणसांच्या आत्मचरित्रांत क्वचितच आढळतो. इंग्लंडांत वाँटेज येथें १८८३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मनिवेदनांत त्या सांगतात, कीं त्यानंतर सुमारें आठ वर्षें धर्माचीं मतें पटलेलीं होतीं, पण ज्याच्या नांवाचा तो धर्म त्याची ओळख व्हावयाची राहिली होती. ती ओळख त्यांना, शास्त्राचें रोजचें वाचन व प्रार्थना चालूं असतां, पुण्यास असतांनाच झाली.

ह्या निवेदनाचा खरा गाभा आमच्या मतें त्याच्या आरंभींच आहे. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांचें कुटुंब गांवोगांव पुराणें वाचीत फिरे. वाचणारास वाचल्याचें व ऐकणारास ऐकल्याचें पुण्य. अर्थ समजलाच पाहिजे असें कोणी म्हणत नसे. रमाबाईंचें पाठांतर अफाट होतें, आणि त्या पाठांतरानें दुष्काळांत आईबाप गमावलेल्या मुलीच्या मनाला आधार दिला नाहीं. म्हणूनच पुढें पवित्रशास्त्र हातीं आल्यावर त्यांनीं आणखी एक ग्रंथ मुखोद्गत केला नाहीं. रोज थोडें वाचावें, त्यावर मन थांबवावें, आणि समजलें तितकें आचरावें, हा क्रम ठेविला.

ह्या क्रमाची किंमतही त्यांना द्यावी लागली. शारदासदन १८८९ सालीं मुंबईस निघालें व १८९० सालीं पुण्यास आलें. तेथें बाई आपल्या खोलींत कन्या मनोरमेसह सकाळीं वाचन व प्रार्थना करीत. दार उघडें असे; कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. यावरून पुण्यांत वादळ उठलें. ‘केसरी’नें कडक टीका केली, आणि १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं आपला संबंध तोडला. सल्लागारांची बाजू अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणणार नाहीं. पालकांना धर्मनिरपेक्षतेचें वचन मिळालें होतें, आणि पूज्य शिक्षिकेचें उघडें दार मुलींस निमंत्रणासारखेंच वाटणार. पण स्वतःच्या घरांत स्वतःची प्रार्थना दार लावून करावी, ही अट बाईंना मान्य होणें शक्य नव्हतें. जी गोष्ट जगण्याचा आधार झाली, ती लपवावयाची कशी?

ह्या नित्यक्रमाचें साहित्यिक फळ म्हणजे त्यांचें मराठी बायबल. चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि मुळावरून भाषांतर करूं लागल्या. प्रचलित भाषांतर त्यांना संस्कृतप्रचुर व जुन्या धर्मकल्पनांनीं भरलेलें वाटे. केडगांवच्या मुक्तिसदनांतील दुष्काळपीडित, अल्पशिक्षित बायकांना तें कळावें, हा त्यांचा हेतु. छपाईही त्याच बायकांनीं सदनाच्या छापखान्यांत केली. बाई ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. अर्थावांचून पुराण ऐकविणाऱ्या घरांतील मुलीनें अर्थासाठीं आयुष्याची अखेर वेंचावी, ह्यापेक्षां बोलकें प्रायश्चित्त कोणतें?

तथापि गुणाइतकाच दोषही सांगितला पाहिजे. मुळाशीं शब्दशः इमान राखण्याच्या हट्टामुळें वाक्यें जागोजाग अडखळतात. शब्द सोपे, पण वाक्याची चाल मराठी नव्हे, असें झाल्यावर ज्या बाईकरितां हा खटाटोप तिचीच जीभ अडते. शिवाय मराठींतील देव, पाप, भक्ति, कृपा हे सारे शब्द जुन्याच घरांतून आलेले आहेत. ते किती धुवावयाचे? येथें नारायण वामन टिळकांची वाट निराळी दिसते. तुकोबांच्या मार्गानें आपण ख्रिस्ताकडे आलों असें मानणाऱ्या टिळकांनीं तेच शब्द व तोच अभंग हातीं घेतला, आणि त्यांचीं पदें उपासनेंत आजही गाइलीं जातात. बाईंचें भाषांतर मात्र सर्वत्र रूढ झालें नाहीं.

मग बाईंचें श्रम वाया गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. गाण्यानें मन उचललें जातें, पण रोज सकाळीं एकट्यानें वाचतांना शब्द थांबवून विचारणारा कोणी लागतो. तें काम बाईंचें खडबडीत गद्य करतें. परिचित शब्द चटकन् ओठांवर येतात आणि तितक्याच चटकन् निसटतात. ज्या घरांत नित्यपाठ होतो, मग तो ज्ञानेश्वरीचा असो वा शुभवर्तमानाचा, त्या घरानें बाईंचें आत्मनिवेदन एकदां अवश्य वाचावें. किती वाचलें, हा प्रश्न मागें पडून काय समजलें, हा प्रश्न पुढें येईल. आणि तो गैरसोयीचा असला तरी टाळण्याजोगा नाहीं.