‘कंपनी’ : एका शब्दाचा संसार

परकी शब्दास एक स्वदेशी प्रतिशब्द नेमून दिला की भाषा शुद्ध झाली, अशी पुष्कळांची समजूत आहे. ‘कंपनी’ या शब्दापुरती ती किती फसवी आहे, हे पाहावयास वडशासारखे योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन असून ‘एकत्र भाकरी खाणारे’ हा त्याचा धात्वर्थ आहे. सोबत, पाहुण्यांचा मेळा, सैन्याची तुकडी, नटांचा संच, व्यापाऱ्यांची भागीदारी हे सारे अर्थ त्यातूनच निघाले. आपल्याकडे मात्र तो पंगतीतून आला नाही. सत्तेच्या पावलांनी आला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होऊन चांदा प्रांतावर कंपनी सरकारचा अंमल बसला व १८५८ पर्यंत राहिला. तेव्हा कंपनी म्हणजे सारा घेणारा धनी. आज वडशात हाच शब्द उच्चारला की नाटक डोळ्यांपुढे उभे राहते. झाडीपट्टीतील नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या येथे आहेत; गावोगावचे लोक येथे येऊन प्रयोग ठरवितात आणि दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने रात्रभर खेळ रंगतात.

शुद्धिवादी म्हणतील, ‘मंडळी’ म्हणा. किर्लोस्करांनी व गंधर्वांनी तेच म्हटले होते. परंतु ‘मंडळी’ या शब्दात सोबत आहे. मालक, भांडवल आणि कर्ज त्यात दिसत नाहीत. बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे दोघे भागीदार बाहेर पडले आणि कर्जाचा डोंगर बालगंधर्वांच्या माथी आला. नाव मंडळीचे, ऋण एकाचे!

वडशाच्या बोलण्यात ‘कंपनी’ म्हटले की दोन्ही बाजू एकदम येतात : प्रयोगाचा दर ठरविणारा निर्माता, आणि एका गाडीतून जाऊन एका पंगतीस बसणारे नट. कोशात न शिरता लोकांनी शब्दाचा मूळ अर्थ असा परत मिळविला आहे. माधवराव पटवर्धनांच्या १९३८ सालच्या ग्रंथाच्या नावात ‘भाषाशुद्धि’ला ‘विवेक’ जोडलेला आहे. तो विवेक असा की, शब्द हद्दपार करण्यापूर्वी त्याच्या आश्रयाला कोण कोण राहते, याची चौकशी करावी. नाहीतर शब्दाबरोबर नटाच्या कष्टाचा हिशेबही हद्दपार व्हावयाचा.