कोल्हापुरी बोलीतील 'मी आलो' : क्रियापदरूपांचा एक तौलनिक विचार

कोल्हापूर परिसरातील स्त्रिया 'मी आले', 'मी जाते' याऐवजी 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात. या रूपांना सर्रास 'पुल्लिंगी' म्हटले जाते आणि शाळेत मुलींची ही रूपे चूक म्हणून सुधारली जातात. हे वर्णनच मुळात तपासून पाहण्याजोगे आहे.

झ्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ 1920 मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. ब्लॉक यांची मातृभाषा लॅटिनपासून निघालेली होती, हा योगायोग येथे उद्बोधक ठरतो. संस्कृतातील भूतकाळी आख्याते मागे पडून मराठीत कृदंतावरून भूतकाळ सिद्ध झाला. लॅटिनच्या वंशजांतही भूतकाळाच्या जुन्या रूपांशेजारी कृदंत व सहायक क्रियापद यांची जोडरचना रुजली. कृदंत हे मूळचे विशेषण असल्याने ते लिंग सोबत आणते. इटालियन स्त्री 'सोनो आंदाता' म्हणते, पुरुष 'सोनो आंदातो'. फ्रेंचमध्ये मात्र 'गेलो' आणि 'गेले' यांतील भेद केवळ लेखनात उरला. उच्चारात तो नाही.

मराठीत कृदंताला पुरुषवाचक प्रत्ययही जडले, त्यामुळे एकाच रूपात लिंग आणि पुरुष यांची ओढाताण सुरू झाली. प्रमाण मराठीतही ती सर्वत्र लिंगाच्या बाजूने सुटलेली नाही. 'आम्ही आलो', 'आम्ही जातो' हे स्त्रिया आणि पुरुष दोघेही म्हणतात. 'मी जाईन' मध्येही लिंग नाही. कोल्हापुरी बोलीने अनेकवचनातील हीच व्यवस्था एकवचनात आणली, असे म्हणता येते. 'ती आली' हे रूप तेथे अबाधित आहे. म्हणजे लिंगविवेक हरवलेला नाही. प्रथमपुरुषात तो अनावश्यक ठरला आहे, कारण बोलणारी व्यक्ती समोरच असते. 'आम्ही आलो' ला पुल्लिंगी न म्हणणाऱ्या व्याकरणाने 'मी आलो' ला तसे म्हणावे, ही विसंगती आहे.

'करालोय' या रूपाकडेही अशाच दृष्टीने पाहता येते. येथे कृदंत आणि सहायक क्रियापद यांचा संकोच होऊन नवे आख्यात घडले. फ्रेंच भविष्यकाळही धातुसाधित आणि 'असणे-बाळगणे' या अर्थाचे क्रियापद एकजीव होऊनच सिद्ध झाला. त्याला कोणी ग्राम्य म्हणत नाही.

साहित्यातील पुरावा मात्र अपुरा पडतो. आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (1971) या कादंबरीत ही बोली निवेदनभर आहे, पण निवेदक नारबा पुरुष आहे. त्याच्या तोंडचा 'आलो' या प्रश्नावर काहीच सांगत नाही. त्यासाठी स्त्रियांचे प्रत्यक्ष बोलणेच नोंदवावे लागेल, तेही शाळेत न गेलेल्या वृद्ध स्त्रियांपासून.