भाकरीवरचा चेहरा : नित्य वस्तूंतील प्रतिमा आणि ख्रिस्ती प्रतिमाविचार

नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत एका भाजलेल्या चीज सँडविचचा इंटरनेटवर लिलाव झाला. पावावरील करपलेल्या डागांत कुमारी मारियेचा चेहरा दिसतो, असा विकणाऱ्या स्त्रीचा दावा होता. एका ऑनलाइन जुगार कंपनीने ते २८,००० डॉलर्सना घेतले. अशा घटनांची संभावना बहुधा दोन शब्दांत होते : चमत्कार किंवा भ्रम. ख्रिस्ती प्रतिमाविचाराला हे दोन्ही शब्द अपुरे आहेत.

अस्पष्ट आकारांत चेहरा शोधण्याची मेंदूची सवय मानसशास्त्राने ‘पॅरिडोलिया’ या संज्ञेने नोंदविली आहे. मात्र तेवढ्याने चेहरा का दिसतो हे कळते. तो येशूचाच का ठरतो, हे कळत नाही. येशूच्या चेहऱ्याची ठेवण शुभवर्तमानांत कोठेही वर्णिलेली नाही. लांब केस आणि दाढी ही चित्रकारांची देणगी. डागात ओळखली जाते ती चित्रपरंपरेची स्मृती.

प्रॉटेस्टंट भूमिका येथे सरळ आहे. ‘अनुवाद’ ग्रंथानुसार होरेब येथे लोकांनी वाणी ऐकली, आकृती पाहिली नाही. तेव्हा डागातील आकृतीला प्रमाण मानण्याचा प्रश्नच उरत नाही. कॅथलिक भूमिका अधिक अवघड, म्हणून अधिक विचारार्ह. प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीकडे पोहोचतो, असे निकीयाच्या दुसऱ्या परिषदेने इ.स. ७८७ मध्ये मान्य केले. परंतु ती प्रतिमा जाणीवपूर्वक घडविलेली असते. ट्रेंट परिषदेने १५६३ मध्ये बिशपच्या संमतीविना अपरिचित प्रतिमा स्थापण्यास व नवे चमत्कार मानण्यास मनाई केली. मे २०२४ मधील व्हॅटिकनच्या नियमावलीतही उघड अर्थलाभाची हाव हे प्रतिकूल लक्षण मानले आहे. लिलावातील सँडविच या कसोटीवर क्षणभरही टिकत नाही.

शिवाय मिस्सातील भाकर शेवटपर्यंत भाकरीसारखीच दिसते. तेथे डोळ्यांना काहीच नवे दिसत नाही आणि श्रद्धेला सर्व काही मिळते. सँडविचचा दावा याच्या नेमका उलट आहे.

क्लिअरवॉटरचे प्रकरण मात्र इतक्या सहज निकालात निघत नाही. फ्लोरिडातील या शहरात डिसेंबर १९९६ मध्ये एका कार्यालयीन इमारतीच्या काचांवर मारियेसारखी इंद्रधनुषी आकृती दिसली. हजारो लोक तेथे प्रार्थनेस आले. डाग रासायनिक असला तरी प्रार्थना डागाला उद्देशून नव्हती. निकीयाचे तत्त्व आकृतीला प्रमाणपत्र देत नाही, पण त्या प्रार्थनेला पोकळही म्हणू देत नाही. मार्च २००४ मध्ये कोणीतरी आकृतीच्या मस्तकाच्या काचा फोडल्या.