'शाबाश' आणि त्यापूर्वीचे महिने

विद्यार्थ्यांच्या यंत्रस्पर्धेचे परीक्षण वाङ्मयविषयक मासिकात कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, 'रोबो' हा शब्दच मुळी रंगभूमीवरून आला. झेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकाने तो जगास दिला. शिवाय आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाच्या 'रोबोकॉन' स्पर्धेस दरवर्षी एक स्वतंत्र कल्पना असते. आणि जेथे कल्पना आहे, तेथे टीकेस अधिकार आहे.

२००८ साली ही स्पर्धा पुण्यास भरली, तेव्हा गोविंदाचा खेळ हा तिचा विषय होता. २०१४ साली ती पुन्हा पुण्यासच झाली, तेव्हा विषय होता पालकत्वाचा गौरव. आमच्या मते ही दुसरी कल्पना अधिक सरस; कारण तीत खेळाचे नियम हाच आशय झाला होता. माणसाने चालविलेले पालकयंत्र स्वयंचलित बालयंत्रास सीसॉ, खांब, झोका आणि जंगल-जिम यांच्यापाशी नेई. उचलून नेणे पालकाचे. परंतु खांबांवरून पावले टाकणे आणि शिडी चढणे हे बालकाचे त्यानेच करावयाचे. सारे पार पडले की 'शाबाश'! पालकत्वाचे इतके नेमके चित्र पुष्कळ कादंबऱ्यांतही आढळत नाही.

तथापि या प्रयोगात एक उणीव राहते. तीन मिनिटांच्या सामन्यात प्रेक्षकांस यश किंवा अपयश दिसते. त्यामागील महिने दिसत नाहीत. नागपूरनजीक बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत, एका शेडमध्ये, विद्यार्थ्यांच्या एका संघाची जुळणी चाललेली आम्ही पाहिली आहे. सर्व मोटारी एकदम सुरू झाल्या की बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर घसरे, कंट्रोलर बंद पडून नव्याने सुरू होई, आणि यंत्र सारे विसरल्यासारखे जागीच उभे राही. दोन दिवस सर्वांनी प्रोग्रामास दोष दिला. अखेर एकाने मीटर लावून पाहिले, तेव्हा खरे कारण कळले व कंट्रोलरास निराळी बॅटरी मिळाली. पुढे चाके घसरू लागली. चाकांचे फेरे मोजून अंतर काढणारे ते यंत्र वाया गेलेला फेराही चाललेलाच धरी, आणि त्याचे वळण चुके. कारखान्यातील रोबोचा बाहू जमिनीस बोल्टांनी पक्का असतो. त्यास ही अडचण ठाऊक नाही.

अंदाज सोडून मोजमापाकडे वळणे, हे शिक्षण कोणत्याही ढालीहून मोलाचे आहे. आमच्या सुशिक्षित घरांत मात्र पहिला प्रश्न 'कितवा नंबर आला?' हाच असतो. आणि उत्तर मनाजोगते नसले की 'आता हे पुरे, अभ्यासाकडे पाहा' असा निकाल लागतो. संघाने मोडतोडीची वही ठेवलेली असली, तर ती कोणी मागून पाहत नाही.

आयोजकांनी अशा वह्या सामन्याच्या जागी प्रेक्षकांपुढे मांडाव्यात, अशी आमची सूचना आहे. पालकांनी तर सामन्याची वाट न पाहता ती वही आजच मागावी, आणि 'काय बिघडले व ते कसे ओळखले?' हे मुलांस विचारावे. ज्या स्पर्धेने पालकत्वाचा गौरव केला, तिच्या प्रेक्षकांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नाही.