उकल आणि अपराध : ‘कॉल फॉर द डेड’

रहस्यकथेच्या रूपबंधात शोध घेणारी व्यक्ती गुन्ह्याच्या जगाबाहेरची असते. या तटस्थतेमुळेच तिने केलेली उकल विश्वासार्ह ठरते आणि विस्कटलेली व्यवस्था पूर्ववत झाल्याचे समाधान वाचकाला लाभते. जॉन ल कारे यांची पहिली कादंबरी ‘कॉल फॉर द डेड’ (१९६१) हा संकेत स्वीकारून आतून पोखरते. हेरकथा म्हणून ती ओळखली जात असली, तरी तिची चौकट खुनाच्या रहस्यकथेची आहे. तिचा नैतिक आशय या दोन रूपांच्या संघर्षातून निर्माण होतो.

परराष्ट्र खात्यातील सॅम्युएल फेनन याचा मृत्यू आत्महत्या ठरवण्यात वरिष्ठांना सोय वाटते. परंतु सकाळी साडेआठला उठवण्यासाठी फेननने आदल्या रात्री दूरध्वनी केंद्राला सांगून ठेवलेले असते, आणि तो दूरध्वनी त्याच्याच घरी आलेला जॉर्ज स्मायली घेतो. मरणाच्या तयारीत असलेला माणूस सकाळी उठवायला सांगत नाही. हा दुवा अभिजात रहस्यकथेचा आहे. त्यापुढचा प्रवास मात्र तसा नाही. स्मायली राजीनामा देतो आणि कोणत्याही अधिकाराविना, मेंडेल या पोलीस अधिकाऱ्याच्या साथीने, शोध चालू ठेवतो.

या शोधाचे साधन निव्वळ तर्क नसून स्मृती आहे. युद्धकाळात खोटी ओळख धारण करून वावरलेल्या स्मायलीला कटामागे डीटर फ्राय दिसू लागतो : जर्मनीतला त्याचा विद्यार्थी, नाझींविरुद्धच्या लढ्यातला त्याचा हस्तक आणि आता पूर्व जर्मनीचा हेर. डीटरच्या युद्धकाळातील कार्यपद्धतीशी परिचय असल्यामुळेच स्मायली त्याच्या खुणेचे पोस्टकार्ड पाठवून सापळा रचतो. गुन्हेगाराला ओळखणे म्हणजे येथे स्वतःचाच व्यवसाय ओळखणे होय. शोधक आणि गुन्हेगार यांच्यातील अंतर नाहीसे होते, आणि त्याबरोबर शोधकाचे निरपराधित्वही.

धुक्यातल्या थेम्सकाठच्या झटापटीत डीटर मरतो. त्याच्याजवळ पिस्तूल असते, तरी तो ते आपल्या जुन्या गुरूवर चालवत नाही. मैत्री आठवली ती शत्रूला, आपल्याला नाही, ही जाणीव स्मायलीला जाळत राहते. त्यानंतर येणाऱ्या अहवालवजा निवेदनात प्रकरणाचे सारे दुवे जुळवले जातात. कथनाच्या दृष्टीने हा भाग रुक्ष आहे, आणि मुंट हा मारेकरीही काहीसा सपाट उतरला आहे. तथापि त्या रुक्षतेला अर्थ आहे. अहवालात घटनांचा उलगडा होतो, अपराधभावनेला मात्र त्यात रकाना नसतो.

हेरगिरीच्या ‘वास्तव’ चित्रणासाठी या कादंबरीची वाखाणणी करणे म्हणूनच अपुरे ठरते. युद्धात ज्या कौशल्यांना शौर्य म्हटले गेले, तीच शांततेच्या काळात खुनाची हत्यारे होतात, हे तिचे आशयसूत्र आहे. रहस्य सुटते, पण व्यवस्था पूर्ववत होत नाही. कारण तिचा रक्षकच गुन्ह्याच्या परंपरेचा वारस आहे. रहस्यकथेला केवळ रंजनवाङ्मय मानणाऱ्या समीक्षेने या वारशाची दखल घेतली पाहिजे.