परक्या गाण्याचे कर्ज

'कॅबरे' म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर हेलन येते. हिंदी सिनेमाने या शब्दाची एवढीच ओळख आपल्याला करून दिली. पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमध्ये मात्र कॅबरे म्हणजे छोट्या मंचावरची बोचरी मैफल होती. गाणे, नक्कल आणि सत्ताधाऱ्यांना मारलेले टोमणे असा तिचा बाज. आपल्या तमाशातल्या वगाशी तिचे नाते अधिक जवळचे. उटे लेम्पर या जर्मन गायिकेविषयी लिहिण्यापूर्वी एवढा खुलासा आवश्यक वाटतो.

लेम्परचा जन्म १९६३चा, म्युन्स्टर शहरातला. पॅरिसमध्ये 'कॅबरे' या संगीतिकेत तिने सॅली बोल्स रंगवली आणि १९८७ साली मोलिएर पुरस्कार मिळवला. पुढे लंडनमध्ये 'शिकागो'साठी १९९८चा ऑलिव्हिए पुरस्कार तिला मिळाला. पण तिची खरी कमाई रंगभूमीबाहेरची आहे. कुर्ट वाइल, एदिथ पियाफ, जाक ब्रेल, मार्लेन डीट्रिख अशा कितीतरी जणांची गाणी तिने नव्याने उभी केली. पाब्लो नेरुदाच्या प्रेमकवितांना स्वतः चाली दिल्या.

दुसऱ्याचे गाणे गाणे म्हणजे काय, हे गझल ऐकणाऱ्या वाचकांना समजावून सांगायला नको. कलाम गालिबचा, अदा बेगम अख्तरची. दोघांपैकी कुणाचाच हक्क हिरावला जात नाही. कव्वाल तर एका शायराच्या कलामाला दुसऱ्याच्या शेराची गिरह लावतो आणि अर्थाला नवे दार उघडतो. लेम्परची मैफल आम्हाला अशीच वाटते. तीन भाषांतली, तीन शहरांतली गाणी ती एका धाग्यात ओवते. गाण्यांच्या मधे ती बोलते, आणि ते बोलणे हीच तिची गिरह.

या गाण्यांना इतिहास आहे. वाइल, फ्रीडरिख होलेंडर, मिशा स्पोलियान्स्की हे संगीतकार ज्यू होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि तिघांनाही वतन सोडावे लागले. १९३८मध्ये ड्युसेलडॉर्फला नाझींनी 'भ्रष्ट संगीता'चे प्रदर्शनच भरवले. त्यात अशा संगीताची टर उडवली गेली. त्याआधी, १९३१ साली, होलेंडरने एक विडंबनगीत रचले होते. पाऊस पडो वा न पडो, दोष ज्यूंचाच, असा त्याचा मथितार्थ. चाल घेतली बिझेच्या 'कार्मेन'मधली, आणि बिझेनेही ती इरादिएर नावाच्या स्पॅनिश संगीतकाराकडून उचललेली! देशातल्या प्रत्येक दुखण्याचे खापर एका जमातीच्या माथी फोडण्याच्या सवयीवर हसायला त्या रात्री बर्लिनचे प्रेक्षक तयार होते. दोन वर्षांनी हसणे बंद झाले. आमच्या वाचकांना याहून अधिक काही सांगण्याची गरज नाही.

लेम्परने १९८८मध्ये वाइलच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका केली आणि १९९६मध्ये बर्लिन कॅबरेच्या गाण्यांची. त्यात होलेंडरचे 'म्युन्शहाउझेन' आहे. देशात चांगल्या चांगल्या गोष्टी घडत असल्याची यादी एक थापाड्या देतो. यादी जितकी गोड, तितके वास्तव कडू. लेम्पर इथे आवाज गोड ठेवत नाही. शब्द चावून, थुंकून टाकावा तसा ती उच्चारते. जर्मन न कळणाऱ्या कानालाही उपरोध पोहोचतो. हीच गाणी तिने इंग्रजीतही गायली. तिथे अर्थ कळतो, पण धार बोथट होते. तर्जुमा करणाऱ्या प्रत्येकाने ही दोन्ही रूपे शेजारी ठेवून ऐकावीत.

तिचे सगळेच आम्हाला पटत नाही. २०००च्या 'पनिशिंग किस'मध्ये निक केव्ह, टॉम वेट्स, एल्व्हिस कॉस्टेलो यांची गाणी आहेत. तिथे अभिनय गाण्यावर स्वार होतो. पियाफ गातानाही कधीकधी वेदनेपेक्षा वेदनेची अदाच जास्त दिसते. ज्या गाण्यामागे कुणाचे तरी उद्ध्वस्त घर उभे असते, तिथेच तिचा नाटकीपणा गळून पडतो.

याचा पुरावा म्हणजे 'साँग्स फॉर इटर्निटी' हा कार्यक्रम. घेट्टोत आणि छळछावण्यांत रचलेली गाणी ती त्यात गाते. इल्झे वेबर ही कवयित्री तेरेझीनच्या घेट्टोत आजारी मुलांची शुश्रूषा करीत गाणी रचत असे. १९४४ साली ऑश्वित्झमध्ये तिला मारण्यात आले. तिची गाणी एका जर्मन बाईने, ज्यांच्या नावाने हा संहार झाला त्या समाजाच्या लेकीने, गावीत का? आमचे उत्तर असे की तिनेच गावीत, पण रचणाऱ्याचे नाव आणि त्याच्यावर काय गुदरले ते सांगून. लेम्पर ते सांगते. पीडितांनीच कायम आपले रडगाणे गायचे आणि बाकीच्यांनी ऐकून घरी जायचे, ही वाटणी न्यायाची नाही.

मराठीलाही हे कर्ज ठाऊक आहे. १७२८चा लंडनचा 'बेगर्स ऑपेरा' ब्रेख्त आणि वाइल यांनी १९२८ साली बर्लिनला नेला. १९७८मध्ये पु. ल. देशपांड्यांनी त्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला आणि जब्बार पटेलांनी तो मंचावर आणला. एका ज्यू संगीतकाराचे नाटक असे मराठी मातीत रुजले, आणि ते बसवणारा दिग्दर्शक मुसलमान होता. 'हे तुमचे नाही' असे म्हणत गाण्याच्या, भाषेच्या दारावर पहारा देणाऱ्यांपुढे हा दाखला ठेवावा. गाणे ज्याला पेलते त्याचे होते. अट एकच, देणेकऱ्याने सावकाराचे नाव विसरू नये.